बोटीच्या नाकावरचा माणूस

त्याला सगळे पुढारी म्हणत. यात राजकारण काही नव्हतं. त्याने जन्मात कधी भाषण ठोकलं नाही, मोर्चा काढला नाही, इमारतीच्या मीटिंगला तर तो चहा येईपर्यंतसुद्धा टिकत नसे. पण रविवारी, शर्यतीच्या बोटीवर, त्याची जागा अगदी पुढे असायची. नाकाजवळ. जिथे लाट आधी अंगावर येते आणि मग मागच्यांना कळतं की लाट आली. म्हणून पुढारी.

आठवड्याचे बाकीचे दिवस तो पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. साच्यावर फायबरचं कापड अंथरायचं, त्यावर राळ फासायची, रोलरने हवेचे बुडबुडे काढायचे, सुकलं की पुन्हा कापड. हाताला त्या राळेचा वास कायमचा बसलेला. म्हणजे सहा दिवस पाणी आत राहील असं बघायचं आणि सातव्या दिवशी पाणी बाहेर राहील असं बघायचं. "पाण्याचं आणि माझं मुळात पटतच नाही," तो म्हणायचा. "त्याला जायचं असतं तिथे मी त्याला जाऊ देत नाही."

बोट त्याची नव्हती. बोट मेहुण्याची, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाची. हा मेहुणा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावून स्वतः बोलत राहण्याची सवय असल्यामुळे सुकाणूवर बसायला त्याच्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. जमिनीवर तो पुढारीला फार मानाने वागवायचा. भाऊजी बसा, भाऊजी चहा घ्या, भाऊजी तुम्ही कशाला उचलता. पाण्यात उतरलं की आवाज टिपेला जायचा, पण मान सुटायचा नाही. "अहो भाऊजी, झोपलात काय तिथे! जरा हात चालवा की, कृपा करून!" शेजारच्या बोटींवर नवरे बायकांना आणि भाऊ भावांना नको नको ते बोलत असायचे. ह्यांच्या बोटीवर शिव्यासुद्धा अहोजाहो होत्या.

तिसरा गडी होता वजन. हा शाळेत गाणं शिकवायचा, पण बोटीवर त्याच्या गळ्याला काही काम नव्हतं. वाऱ्याने बोट एका अंगाला कलली की त्याने दुसऱ्या काठावर जाऊन बसायचं, एवढंच. एकदा त्याच्या बायकोने त्याचा भात बंद केला, तेव्हा डॉक्टर आणि पुढारी दोघे त्याच्या घरी गेले आणि हात जोडून म्हणाले, वहिनी, शर्यतीचा मोसम संपेपर्यंत तरी थांबा.

आणि चौथी होती पुढारीची बायको. तिला बोटीवर सगळे ताई म्हणायचे, कारण डॉक्टर म्हणायचा. पुढारी तेवढा "अगं" म्हणायचा आणि ती "अहो". भर वाऱ्यात तिने "अहो!" अशी हाक मारली की आसपासच्या चार बोटींतले पुरुष वळून बघायचे.

आता इथे थोडं बोटीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वारा पाठीमागून यायला लागला की शर्यतीच्या बोटी पुढच्या बाजूला एक भलंमोठं, पातळ, रंगीबेरंगी शीड सोडतात. नाव त्याचं स्पिनेकर, पण फुगा म्हटलं की काम भागतं. हा फुगा छत्रीसारखा उमलतो आणि बोटीला अक्षरशः ओढत नेतो. मात्र त्याचा एक खालचा कोपरा कोणीतरी बाहेर ताणून धरावा लागतो. त्यासाठी असते काठी. तिचं एक टोक डोलकाठीला, दुसरं फुग्याच्या कोपऱ्याला. बोट वळली की ही काठी काढून, उलटवून, दुसऱ्या बाजूला लावायची. पायाखालचा डेक डुलत असताना डोलकाठीला पाठ टेकायची, दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, इकडचा आकडा सोडवायचा, तिकडचा अडकवायचा. चार श्वासांचं काम. जमलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. फसलं की सगळा किनारा बघतो.

हे पुढारीचं काम. आणि फुग्याचा दोर ताईच्या हातात. ती बोटीच्या मध्यावर बसायची. दोर धरणाऱ्याला नियम एकच: नजर वर, फुग्याच्या काठावर. काठ किंचित दुमडायला लागला की ओढायचं, सरळ झाला की पुन्हा सैल सोडायचं. नजर हलली की फुगा मेलाच म्हणून समजा. ताईचा हात असा हलका होता की सरळ रेषेत जाताना तिचा फुगा कधी म्हणजे कधी मिटला नाही. पण बोट वळायची वेळ आली, पुढारी डोलकाठीपाशी हात वर करून उभा राहिला, की हमखास थप्प असा आवाज यायचा आणि ते एवढं मोठं शीड ओल्या धोतरासारखं लोंबकळायचं.

"ताई, वर बघ!" डॉक्टर मागून ओरडायचा.

"बघतेय की!"

"मग मिटला कसा?"

"ऊन येतंय डोळ्यांवर."

दर रविवारी हेच. ढगाळ दिवशीसुद्धा ताईच्या डोळ्यांवर ऊन यायचं. वजनने एकदा तिला काळा चष्मा आणून दिला. तिने तो मनापासून लावला, आणि चष्म्यातूनही ऊन आलं.

पुढारीला यातलं काही दिसत नसे. काम करताना त्याची पाठ कायम मागच्यांकडे. काठी लागली की तो वळायचा, अंगठा वर करून "झालं" अशी खूण करायचा, आणि तोवर ताईची नजर फुग्याच्या काठावर गेलेली असायची. मान वर, डोळे बारीक, ओठ किंचित उघडे. इतकं टक लावून तिने घरात कधी कशाकडे बघितलं नव्हतं. दुधाकडेसुद्धा नाही, ते दर दोन दिवसांनी उतू जायचं. पुढारीला वाटायचं, आयुष्यात एकदा, फक्त एकदा, आपण वळावं आणि ही आपल्याकडे बघत असावी. एकदा त्याने हे हसण्यावारी नेत बोलूनही दाखवलं.

"त्या शिडाकडे बघतेस ना, त्याच्या निम्मं जरी माझ्याकडे बघितलंस तरी चालेल मला."

"तुम्ही फडफडता का?" ती भाजी निवडत म्हणाली. "फडफडलात तर बघेन."

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ती गेली. दुखणं लहानसं वाटलं होतं, निघालं मोठं. त्याबद्दल पुढारी कोणाशी बोलला नाही आणि आपणही बोलायला नको.

ती गेल्यावरचा पहिला रविवार उजाडला तेव्हा तो खुर्चीत नुसता बसून होता. बायको नसली की मेहुणा कुठल्या नात्याने मेहुणा, याचा त्याला नीट हिशोब लागत नव्हता. घरं दोन गावांइतकी लांब नव्हती, पण एकमेकांकडे जाणं-येणं होतं ते तिच्यामुळे. वाढदिवस तिच्या लक्षात. निरोप तिच्याकडून. दोघा पुरुषांनी आपसात कधी बोटीखेरीज दुसरा विषय काढला नव्हता. आणि खाली रस्त्यावर नेहमीचा हॉर्न वाजला. एक लांब, दोन आखूड. पुढारी उठला, टोपी घेतली, खाली गेला. गाडीत डॉक्टर म्हणाला, "वारा बरा आहे आज." पुढारी म्हणाला, "बरा आहे." झालं. ताईचा दोर वजनच्या हातात गेला. काठी पुढारीकडे राहिली. मेहुणाही राहिला.

पुढची काही वर्षं पुढारी त्या हॉर्नवर जगला म्हटलं तरी चालेल.

मग एका मोसमाच्या शेवटी त्याचा पाय घसरला. वळताना, काठी उचलताना, ओल्या डेकवर. पडता पडता त्याने कडेची तार धरली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन परत आला. "काही नाही, काही नाही," म्हणत त्याने काठी लावलीसुद्धा. वजन हसला. डॉक्टर हसला नाही. परतताना गाडीत तो वाऱ्याबद्दलही काही बोलला नाही.

मोसम संपला, बोट पाण्याबाहेर काढून किनाऱ्यावरच्या आवारात लाकडी घोड्यांवर चढवली. त्या दिवशी तिघे खाली उभे राहून तिचं पोट खरवडत होते. डॉक्टरने हातातली खरवडणी बाजूला ठेवली.

"भाऊजी, एक विचार होता."

पुढारीने मान वर केली. दवाखान्यात "काही दुखणार नाही हं" म्हणताना डॉक्टरचा जो आवाज असतो, तोच हा आवाज होता.

"काठी काढूया."

"काढूया म्हणजे?"

डॉक्टरने फोनवर फोटो दाखवला. एका बोटीच्या नाकातून लांबलचक काळा दांडा बाहेर आला होता आणि त्याच्या टोकाला फुग्याचं खालचं टोक बांधलेलं. फुगाही निराळा. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, एक लांब, एक आखूड.

"असिमेट्रिक म्हणतात ह्याला."

"वाकडा दिसतोय," वजन म्हणाला. तेव्हापासून तो वाकडा फुगा. दांड्याला त्याने तिथल्या तिथे नाव दिलं, सोंड.

"वळताना काही नाही," डॉक्टर रंगात आला. "टोक सोंडेलाच बांधलेलं. मागे बसल्या बसल्या एक दोर सोडायचा, दुसरा ओढायचा. फुगा आपला आपण पुढून फिरून पलीकडे जातो. पुढे माणूसच लागत नाही! तीच तर गंमत आहे."

बोलून गेला आणि दातांच्या डॉक्टरने स्वतःची जीभ चावली.

मग वजनने, जे कोणीतरी विचारायला हवं होतं ते, विचारलं. "मग पुढारी कुठे बसणार?"

"बघू," डॉक्टर म्हणाला. "आधी सोंड तर बसू दे."

'बघू' हा शब्द पुढारीच्या चांगल्या ओळखीचा होता. लहानपणी त्याने सायकल मागितली तेव्हा वडील म्हणाले होते, बघू. ती सायकल तो अजून बघत होता. घरी जाऊन त्याने तो शब्द खुर्चीत बसून, मग उभं राहून, मग आडवं होऊन तपासला. डॉक्टर, वजन आणि फुगा, एवढं झालं की बोट चालते. तिसरा माणूस कशाला? शोभेला? आणि तिसरा माणूस नको, तर हॉर्न कशाला?

आता गंमत अशी, की सोंड बसवायची म्हणजे बोटीच्या नाकाला भोक पाडून नळी आत घालायची, आतल्या आडव्या भिंतीत तिचं दुसरं टोक रोवायचं आणि सगळं फायबरने जोडायचं. हे काम त्या आवारात एकाच माणसाला येत होतं. स्वतःची जागा स्वतःच्या हाताने बुजवायला पुढारीलाच बोलावणं आलं.

त्याने नाही म्हटलं नाही. त्याने फक्त वेळ लावला. आधी म्हणाला, नाक कच्चं आहे, आतून भक्कम करावं लागेल. मग म्हणाला, हवेत ओल आहे, राळ धरणार नाही. मग मापं घेतली. ती चुकली असतील म्हणून पुन्हा घेतली. ती बरोबर आली म्हणून संशय आला आणि तिसऱ्यांदा घेतली. डॉक्टर दवाखाना आटोपून यायचा आणि खालून विचारायचा, "झालं का?"

"सुकतंय."

"आमच्याकडे पेशंट दात भरून घेतो आणि संध्याकाळी चकली खातो, भाऊजी."

"तुमच्याकडे दात सुकवायला तो निळा दिवा असतो. इथे आपलं उन्हाच्या भरवशावर."

एके दिवशी तो बोटीच्या नाकाच्या आत पोटावर सरपटत गेला. आत उताणं झोपायला होईल एवढीच जागा. ज्या डेकवर इतकी वर्षं उभा राहिला, तो डेक आता त्याच्या स्वतःच्या नाकापासून वीतभर वर. तिथे नळीच्या मुळाशी त्याला फायबरचे थर द्यायचे होते, आणि त्याच्या मनात एक विचार आला. थर दोन कमी दिले तर? वरून काही दिसणार नाही. रंग सारखा, गुळगुळीतपणा सारखा. पहिल्या जोरदार वाऱ्यात सोंड करकरेल, हलेल, डॉक्टर म्हणेल हे काही खरं नाही, आणि काठी परत येईल. कोणाचं काही जाणार नाही. शर्यत एक जाईल, त्या तर जातच असतात.

त्याने रोलर हातात धरून या विचाराला बराच वेळ दिला. विचार पटत होता. पण हात पटवून घेईना. हाताने ठरलेले थर दिले. मग, आपल्या मालकाचं मन ओळखून जणू, वर आणखी दोन दिले. ती सोंड शेवटी इतकी भक्कम झाली की तिला दोर बांधून अख्खी बोट उचलता आली असती.

काम संपवून तो तसाच उताणा पडून राहिला. बाहेर लख्ख ऊन होतं. फायबरचा डेक म्हणजे शेवटी जाड कागदच. वरचा रंग असतो तोवर काळोख. पण डोलकाठीच्या पुढ्यात, बरोबर डोक्यावर, दोन ठिकाणी रंग झिजून गेला होता आणि तिथून पिवळसर उजेड आत झिरपत होता. दोन लांबट डाग. एक थोडा पुढे, एक थोडा तिरका. पुढारी बघत राहिला. ते त्याचे पाय होते. वर उभा राहून इतके रविवार त्याने घासलेले.

"भाऊजी? आत आहात का?" डॉक्टर सरपटत आत येत होता. हातात दवाखान्यातला छोटा गोल आरसा. तो त्याने नळीच्या मागे घालून सांधा नीट पाहिला, डावीकडून, उजवीकडून. "कीड नाही," त्याने निदान केलं. मग जागेअभावी तोही शेजारी उताणा पडला, आणि त्याची नजर वर गेली.

राळेचा वास दाटला होता.

"मी यंदा डेक रंगवून घेणार होतो," डॉक्टर म्हणाला.

"मग?"

"राहू दे."

काठी पुढारीने घरी नेली. लिफ्टमध्ये मावेना म्हणून जिन्याने नेली, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती अशी सफाईने फिरवली की वरच्या मजल्यावरची आजी बघत राहिली. घरात ती खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तिरकी मावली. स्वयंपाकघरात जायचं तर तिच्याखालून वाकून जावं लागे. परगावी असलेल्या मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही मधेच 'अगं आई गं' काय ओरडता?" तो म्हणाला, "काही नाही, काठी लागली." ती म्हणाली, "कोण मारतंय तुम्हाला?"

मोसमाचा पहिला रविवार आला. पुढारी पहाटेच आवरून बसला. टोपी डोक्यावर, बूट पायात. खिडकीत मात्र गेला नाही. खिडकीत उभं राहणं म्हणजे वाट बघणं, आणि आपण वाट बघत नाही आहोत असं त्याने ठरवलं होतं. दूधवाला आला, गेला. शेजारचं कुत्रं फिरून आलं. त्याने टोपी काढली. काढून मांडीवर ठेवली. टोपी मांडीवर आली आणि खाली हॉर्न वाजला. एक लांब, दोन आखूड. काठीखालून वाकायचं तो विसरला आणि कपाळाला टेंगूळ घेऊन खाली गेला.

"वारा बरा आहे," डॉक्टर म्हणाला.

"बरा आहे. ढग आहेत पण."

बसायचं कुठे, हे ना त्याने विचारलं ना डॉक्टरने सांगितलं. बोटीवर तो उगाच इकडचा दोर तिकडे करत राहिला. लग्नघरी कोणी काम न सांगितलेल्या पाहुण्यासारखा. वाऱ्याविरुद्धचा पहिला टप्पा संपला, बोटीने लांबवर पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाला वळसा घातला, वारा पाठीशी आला आणि वजनने फुग्याचा दोर खेचला. वाकडा फुगा सोंडेच्या टोकावर फडफडला, एकदा झटकला गेला, आणि भरला. नारंगी, पांढरा. बोट पुढे अशी उसळली की वजनसुद्धा मागे कलंडला. सोंड मुळापासून टोकापर्यंत ताणली गेली आणि जराही कुरकुरली नाही. पुढारीला अभिमान वाटला. अभिमान वाटल्याचं वाईटही वाटलं.

"वळतोय!" डॉक्टर ओरडला.

आणि पुढारी पळाला. त्याला कोणी सांगितलं नाही, त्याने ठरवलं नाही, पाय निघाले. डोलकाठीपुढे त्याने झिजलेल्या दोन डागांवर पाय रोवले, पाठ टेकली, दोन्ही हात डोक्यावर नेले, डाव्या हाताने आकडा सोडवला, उजव्या हाताने काठी ढकलली, उलटवली, पलीकडे अडकवली. सगळं बिनचूक. फक्त हातात काही नव्हतं. फुगा केव्हाच आपला आपण फिरून पलीकडे गेला होता. शेजारून जाणाऱ्या बोटीवरची माणसं वाकून बघत होती.

"पुढारी," वजन मागून म्हणाला, "जळमटं काढताय का?"

पुढारीने हात खाली घेतले. वळून अंगठा वर करायचा राहिला होता. तो तसाच पाठ करून उभा राहिला. मागे जायला त्याला जागा आठवेना.

"भाऊजी, मागे या!"

"कुठे?" त्याने वळून न बघताच विचारलं.

"कुठे म्हणजे? ताईच्या जागेवर!" डॉक्टर वाऱ्यावर आवाज चढवून ओरडला. "ह्या वजनने इतकी वर्षं फुगे मारले माझे! आता तुम्ही नाही धरणार दोर तर कोण धरणार? का सुकाणू सोडून मीच येऊ?"

"आधी नाही का सांगायचं?"

"मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल!"

वाऱ्यात ओरडून बोलायची एक सोय असते. जे बोललो ते शर्यतीबद्दलच होतं, असं नंतर म्हणता येतं. पुढारी वाकत वाकत मागे आला. "घ्या हो," वजनने दोर त्याच्या हातात कोंबला, "हाताला फोड आलेत माझ्या," आणि तो सुखाने आपल्या काठावर जाऊन बसला.

मग पुढारी त्या जागेवर बसला. इतक्या वर्षांत कधी बसला नव्हता. दोर हातात घेतला आणि मान वर केली. उंच, आभाळाला टेकलेला फुग्याचा काठ. तो हळूच दुमडला, याने ओढला. सरळ झाला, याने सोडला. दुमडला, ओढला. हाताला राळेच्या रोलरची सवय होती, दोर अंगवळणी पडायला वेळ लागला नाही. नजर वर असली की खरंच दुसरं काही दिसत नाही, हे त्याला कळलं. ना पाणी, ना बोट, ना माणसं. ही इतकी वर्षं अशी बसायची. वर. त्याला वाटलं, बरोबर आहे तिचं. इथून काठ सोडून कोणाकडे बघणार?

"वळतोय!"

पुढारीने एक दोर सोडला, दुसरा ओढायला घेतला. आणि त्या क्षणी, का कोण जाणे, त्याची नजर खाली आली. डोलकाठीच्या पुढ्यात. तिथे आता कोणी नव्हतं. दोन झिजलेले डाग होते, आणि त्यावर कोणीतरी पाठमोरं, दोन्ही हात वर करून, धडपडत उभं असावं एवढी मोकळी हवा.

थप्प.

"ताई, वर बघ!"

डॉक्टर ओरडला आणि गप्प झाला. फुगा लोंबकळत होता. वजन समोरच्या पाण्यात काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखा तिकडे बघू लागला.

पुढारीने हळूच मान वर केली. फुग्याचा काठ तिथे, वर. मग मान खाली केली. डोलकाठी इथे, खाली. पुन्हा वर. पुन्हा खाली. हे बघितलं की ते दिसत नव्हतं. ते बघायचं तर हे सोडावं लागत होतं. मग त्याने आभाळाकडे पाहिलं. सकाळपासून ढग होते. ऊन कुठेच नव्हतं.

"दर वेळी वळतानाच मिटायचा ना रे?" त्याने विचारलं. त्याची पाठ डॉक्टरकडे होती.

"दर वेळी."

"ऊन यायचं तिला."

"ढगात कसलं ऊन, भाऊजी."

बोट संथ झाली होती. डावीकडून एक बोट पुढे गेली, मग आणखी एक. नेहमी डॉक्टरने अशा वेळी जहाजबुडीसारखा आरडाओरडा केला असता.

"तुला माहीत होतं?"

"मी मागे बसतो. मला सगळ्यांच्या माना दिसतात."

"मग ओरडायचास कशाला तिला?"

"शर्यत चालू असायची!"

"आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"आता बहिणीची चहाडी करू का?" डॉक्टर म्हणाला. "आणि तुम्ही एकदा तरी वेळेत वळायचं होतंत. काठी लागली रे लागली की थोडं आधी."

किती रविवार झाले असतील ते, याचा अंदाज घ्यायचा पुढारीने प्रयत्न केला आणि सोडून दिला. प्रत्येक थप्प त्याला आठवत होता. प्रत्येक वेळी तो वैतागला होता. कधी कधी घरी जाईपर्यंत अबोला धरला होता, आणि ती बिचारी चष्मा पुसत बसायची.

"दोर ओढा पुढारी," वजन हळूच म्हणाला. "मेलाय तो."

त्याने ओढला. फुगा एकदा गदगदला, झटकला गेला, पुन्हा भरला. बोट पुढे सरकली. पुढे गेलेल्या बोटी आता हाताला लागणार नव्हत्या, पण मागच्या दोन अजून मागे होत्या आणि शेवटचा बोया समोर दिसत होता.

"शेवटचं वळण," डॉक्टरने बजावलं. आवाज पुन्हा टिपेला गेला होता, मानही जागेवर होता. "ह्या वेळी कृपा करून नजर वर ठेवा, भाऊजी. वर!"

"बघतोय की!"

"वळतोय!"

पुढारीने एक दोर सोडला, दुसरा ओढला, आणि डोलकाठीच्या पुढ्यातल्या त्या दोन डागांकडे टक लावून बघत राहिला. मान पुढे, डोळे बारीक, ओठ किंचित उघडे.

थप्प.

मागून कोणी ओरडलं नाही. मागच्या दोन बोटी ऐटीत पुढे निघून गेल्या. बऱ्याच वेळाने डॉक्टरने अगदी जमिनीवरच्या आवाजात विचारलं, "काय झालं, भाऊजी?"

"ऊन येतंय रे डोळ्यांवर," पुढारी म्हणाला.

बोटीतल्या कोणीही वर आभाळाकडे बघितलं नाही.